एका 'पुट'चे किती अर्थ पाठ करायचे?

इंदूरला रामबागेत भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना दर आठवड्याला माझा तोच संताप होतो. 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'ऑफ' म्हणजे बंद, एवढे तिला पक्के ठाऊक आहे. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे, हे तिने सुट्या शब्दांच्या बेरजेतून कसे काढावे? काल तिच्या वहीत 'द मीटिंग वॉज पुट ऑफ' या वाक्यापुढे 'सभा बंद केली' असे नीटस अक्षरांत लिहिलेले होते आणि त्यावर शिकवणीच्या बाईंनी नुसती लाल फुली मारली होती; चूक का, हे एका शब्दानेही सांगितलेले नव्हते. मला चीड येते ती या फुलीची. आपणही 'बोलून बसलो', 'देऊन टाकले' असे म्हणतो, तेव्हा कोणी खाली बसत नाही की काही फेकत नाही. एवढे साम्य दाखवून प्रत्येक जोडी अख्ख्या वाक्यासह शिकवायला असा किती वेळ लागतो? त्याऐवजी मुलांच्या हाती अर्थांची लांबलचक यादी दिली जाते आणि परीक्षेत नेमकी 'पुट'च्या पुढची रिकामी जागा भरायला सांगितली जाते.