शेवटी काय, कोचच झाला!

परवा लातुरात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या लेकीच्या टेनिसच्या सरांचा विषय निघाला. एक पाहुणे म्हणाले, "एवढी वर्षं खेळून काय मिळालं? शेवटी लेकरांना बॉल टाकायलेत." पंगतीत वाद नको म्हणून गप्प बसलो, पण पुढचा घास गोड लागला नाही.

मॅग्नस नॉर्मन हे नाव आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नाही. स्वीडनचा खेळाडू. २००० साली फ्रेंच ओपनच्या फायनलला पोचला, त्याच जूनमध्ये जगात दुसरा झाला. त्या फायनलमध्ये समोर ब्राझीलचा कुएर्तेन होता. दहा मॅच पॉइंट, म्हणजे गेला की मॅचच गेली असे पॉइंट, नॉर्मननं वाचवले, अकराव्याला हरला. पुढं खुब्याच्या दुखण्यानं २००४ ला खेळच सुटला.

मग तो कोच झाला. ३१ मे २००९ ला फ्रेंच ओपनच्या त्याच मातीवर त्याच्या हाताखालच्या सोडरलिंगनं नदालला हरवलं. तोवर नदाल तिथं सलग ३१ मॅच जिंकला होता, एकही हरला नव्हता! आणि २०१५ ला त्याच्याच हाताखालच्या वावरिंकानं फायनलमध्ये जोकोविचला हरवून फ्रेंच ओपन जिंकली. स्वतः हरला त्याच्या बरोबर पंधरा वर्षांनी. याला कुणी 'शेवटी' म्हणावं?

आता आमच्या सरांचं सांगतो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. प्यायला नाही तिथं मातीच्या कोर्टावर कोण मारणार? लेक तेव्हा आठ वर्षांची. सरांनी एका सिमेंटच्या अंगणात दोन खांबांना दोरी बांधली आणि केस गेलेले जुने बॉल घेऊन शिकवणं चालू ठेवलं. बादलीतला एकेक बॉल त्याच टप्प्यावर, त्याच उंचीला. दोन आठवडे फक्त पाय कुठं ठेवायचा एवढंच. 'बॉल टाकणं' म्हणतात ते हे. मी जवळून बघितलंय म्हणून सांगतो, ते सोपं नाही.

पुण्यात चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत पोरगी पहिल्याच फेरीत ०-६, १-६ अशी हरली. आम्ही नवरा-बायको तिथंच तिच्या चुका मोजायला लागलो. सर म्हणाले, "आज कुणी काही बोलायचं नाही. आधी तिला खाऊ घाला." दुसऱ्या दिवशी तिला एवढंच विचारलं, "जिंकलेला कोणता पॉइंट आठवतो?" तिला तो अजून आठवतो, बॅकहँडचा होता. हे ज्याला सुचतं तो स्वतः कितीदा हरून घरी आला असेल याचा विचार करा.

आणि आपण काय करतो? सुट्ट्यांचे दिवस मोजून फी कापतो. मीही कापलीय, त्याची लाज वाटते. स्पर्धेला येतात तेही स्वतःच्या खर्चानं, एसटीनं.

पुढच्या रविवारी संभाजीनगरला मॅचेस आहेत. सर आमच्या गाडीत येतील, त्यांच्या राहण्याचं मी बघतोय. मे महिन्याची फी पूर्ण द्यायची असं आम्ही तीन घरांनी ठरवलंय. बॅचमधले बाकीचे पालक हे वाचत असतील तर मला फोन करा.