खुलासा: ‘पॅराशूट पेमेंट’ म्हणजे प्रमोशनची हमी नव्हे

‘प्रीमियर लीगमधून (इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधून) रेलिगेट झालेल्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरलेल्या क्लबला तीन वर्षं पैसे मिळतात, त्यामुळे तो वर येणारच (प्रमोशन मिळवणारच)’ असा दावा फिरतोय. हे पैसे म्हणजेच ‘पॅराशूट पेमेंट’. तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे.

प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला जो समान वाटा प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबला मिळतो, त्याचे पहिल्या वर्षी 55, दुसऱ्या वर्षी 45 आणि तिसऱ्या वर्षी 20 टक्के मिळतात. पण एकच हंगाम वर राहून खाली आलेल्या क्लबला तिसरं वर्ष मिळतच नाही.

आता 2024 साली घसरलेले तिघे बघा. बर्नलीने 46 सामन्यांत फक्त 16 गोल खाऊन 100 गुण केले आणि थेट वर गेला. ल्युटन मात्र लागोपाठ दुसऱ्यांदा घसरून लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या स्तरावर पोचला. शेफिल्ड युनायटेडचं सगळ्यात जिव्हारी लागणारं: दोन गुणांची कपात सोसूनही 90 गुण, तरी तिसरा क्रमांक. तिसऱ्याला थेट प्रवेश नाही, प्ले-ऑफ (वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीचे बाद फेरीचे सामने) खेळावाच लागतो. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात 76 गुणांच्या संडरलंडने इंज्युरी टाइममधल्या, 95व्या मिनिटाच्या गोलवर शेफिल्डला 2-1 हरवलं. गुणांमधली 14ची आघाडी तिथे मोजलीच जात नाही.