खुलासा: कंपनीचा ‘इंटेलिजन्स’ विभाग म्हणजे हेरखातं नव्हे
‘मोठ्या कंपन्यांचे इंटेलिजन्स विभाग सरकारी गुप्तचरांसारखे फोन ऐकतात आणि त्यांना तशी परवानगीही असते,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. असा अधिकार कायदा सरकारी यंत्रणांना देतो, कंपन्यांना नाही. कंपनीच्या या विभागातला विश्लेषक प्रतिस्पर्धी कंपन्यांचे वार्षिक अहवाल, पेटंटचे अर्ज, नोकरीच्या जाहिराती वाचत बसतो. काम तसं कंटाळवाणंच, पण प्रतिस्पर्धी अचानक बॅटरीतज्ज्ञ शोधू लागला की पुढच्या उत्पादनाचा वास लागतो.

हद्द ओलांडणारे असतातच. प्रॉक्टर अँड गॅम्बलसाठी काम करणाऱ्यांनी माहिती मिळवायला प्रतिस्पर्धी युनिलिव्हरचा कचरा उपसल्याचं २००१ मध्ये उघड झालं आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलला युनिलिव्हरशी तडजोड करावी लागली. अमेरिकेत व्यापारी गुपितं चोरणं १९९६ च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे.