टाकी कायम भरलेलीच असते

"आमची संडासाची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही" असं कुणी छाती फुगवून सांगितलं, की मला हल्ली त्यांच्या विहिरीची काळजी वाटते.

हे वाक्य आमच्याही घरात होतं. बाबांचं लाडकं. गेल्या गणपतीपर्यंत.

रत्नागिरीकडचं आमचं घर. एरवी दोन माणसं, चतुर्थीला एकवीस. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लशचं पाणी खाली जाईना, उलट बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. बाहेर धो धो पाऊस. आणि प्रश्न असा की टाकीचं झाकण आहे कुठे? अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा ते खाली गाडलं गेलेलं. काका म्हणाले तुळशीजवळ, बाबा म्हणाले जिन्याखाली. पहारीने तीन ठिकाणी उखडल्यावर सापडलं, दोघांनीही न सांगितलेल्या जागी.

मुळात "टाकी भरली" या शब्दांतच घोळ आहे. सेप्टिक टँक कायम काठोकाठच असते. जेवढं पाणी आत येतं तेवढंच पलीकडून शोषखड्ड्यात जातं. जड गाळ तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी बाहेर पडतं. जिवाणू गाळ कमी करतात, संपवत नाहीत. तो चढत चढत बाहेरच्या पाइपापर्यंत आला की शोषखड्ड्यात उतरतो आणि जमिनीची छिद्रं बुजवतो. मग टाकी कितीही उपसा. आमचं तेच झालं होतं. गाडी आली, उपसून गेली, दोन दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. पावसाने जमीन आधीच तुडुंब, पाणी मुरणार कुठे?

आणि ज्यांची खरंच वीस वर्षं तुंबत नाही, त्यांच्या टाकीला कित्येकदा तळच नसतो. गवंड्याने कोबा केलेलाच नसतो. सगळं जांभ्याच्या भेगांतून खाली जातं, आणि तीस फुटांवर विहीर.

एका शेजाऱ्यांनी सुचवलं, "एक माणूस आहे, आत उतरून साफ करतो, स्वस्तात." तिथे माझा आवाज चढला. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे, ते सोडाच. आतल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा वास जास्त झाला की नाक बधिर होतं, माणसाला वाटतं वास गेला. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. बातम्या थांबलेल्या नाहीत.

गाडीवाल्याने मात्र एक चांगली गोष्ट शिकवली. बांबूला जुनं पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घातला आणि वर काढला. काळा पट्टा पार मांडीपर्यंत! गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाला आले की बोलवायचं, म्हणाला. म्हणजे साधारण दोन-तीन वर्षांनी. (गाडी रिकामी कुठे करता, हे विचारल्यावर तो जरा घुटमळला. हे तुम्हीही विचारा.)

साताऱ्याच्या वाईत नगरपरिषद दर तीन वर्षांनी पाळीपाळीने घरोघरच्या टाक्या उपसते, तुंबायची वाट न बघता. आपल्या ग्रामपंचायती दोन-चार मिळून एक गाडी ठेवू शकत नाहीत का?

बाकी गूळ, यीस्ट, जिवाणूंची पावडर, व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही टाकायची गरज नाही, जिवाणू आपण रोज फुकट पुरवतोच. दर रविवारी बाटलीभर अ‍ॅसिड ओतणाऱ्या आमच्या आत्याला हे पटवायला दोन महिने लागले. पॅड, डायपर, वाइप्स यांबद्दल तर बोलायलाच नको.

मे महिन्यात विहिरीपासून साठ फूट लांब नवा शोषखड्डा खणला. झाकण अंगणाच्या पातळीला आणून त्याला कडी बसवली. आईने त्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवलीये. आणि बाबांनी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून मार्करने उपशाची तारीख लिहिलीये, खाली पुढचीही.