वखराची पास आणि हॅरोचे दात : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वखरणीवरच्या, म्हणजे शेतात वखर हे बैलांनी ओढायचे अवजार चालवण्यावरच्या, माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. आपले बालपण कऱ्हाडच्या बाजूला कुळवाच्या मागे चालत गेले असल्याचे आपण लिहिले आहे, त्यामुळे आपले म्हणणे मी अधिकच लक्ष देऊन वाचले. आपले तीन आक्षेप आहेत. पहिला असा की हॅरोला, म्हणजे नांगरटीनंतर माती बारीक करण्याच्या युरोपीय अवजाराला, दात असतात आणि वखराला सपाट पाते, म्हणून हॅरोला वखर हा प्रतिशब्द देणे चूक आहे. दुसरा असा की इंदूरकडचे मराठी लोक वखराला ‘बखर’ म्हणतात हे मी कौतुकाने नोंदवले, पण ती आपल्या मते हिंदीच्या शेजाराने झालेली भाषेची मोडतोड आहे. तिसरा आक्षेप माझ्या ‘त्या वर्षीच्या आठवणींनी मनावर वखर फिरवला’ या वाक्यावर आहे. हे वाक्य मराठी लिपीत लिहिलेले इंग्रजी आहे, असे आपण म्हटले आहे. हा तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पहिल्या दोन्हींशी मी सहमत नाही. मात्र पहिल्या आक्षेपाचा नीट विचार केल्यावरच तिसरा का खरा आहे हे मला कळले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माळव्यात, इंदूरजवळच्या देपालपूरच्या बाजूला आमची थोडी काळी जमीन होती आणि तिथे मी लहानपणी जो वखर पाहिला तो अगदी साधा होता. बाभळीचे एक जाड आडवे खोड, त्यातून खाली उतरलेले दोन लाकडी दांडे, त्या दोहोंच्या टोकांना बसवलेली लोखंडी पास म्हणजे आडवे सपाट पाते, पुढे जुवापर्यंत जाणारी दांडी आणि मागे धरायला रुमणे, एवढेच ते अवजार. लाकडाचे काम सुताराचे आणि पास पाजवून देण्याचे काम लोहाराचे. बैल चालू लागले की पास मातीच्या वरच्या थराखाली दोन-तीन इंचांवर आडवी सरकत जाते. ती नांगरासारखी माती उलटी करत नाही आणि दातांसारखी ओरबाडतही नाही. ती तणाचे मूळ आणि खोड यांचा संबंध जमिनीच्या आत तोडते. सकाळी वखरलेल्या तासाकडे पाहिले तर पुष्कळसे तण अजून जागच्या जागी उभे दिसते, आणि दुपारचे ऊन चढले की ते सगळे एकदम माना टाकते. लहानपणी मला याचे फार नवल वाटे. गडी मध्येच थांबून वखर उचलून झटकत असे, कारण पासेला धसकटे आणि पालापाचोळा अडकला की ती मातीत शिरत नाही. आणि जमीन कडक असली की वजनासाठी आम्हा मुलांपैकी एकाला खोडावर बसवले जाई. कुळवावर असेच बसल्याचे आपणही लिहिले आहे. आपला कुळव आणि आमचा वखर ही दोन नावांची एकाच कुळातली अवजारे आहेत, हे त्या एका आठवणीवरून दोघांनाही पटावे.

आता हॅरोचा प्रश्न. युरोपातला जुना हॅरो दातांचाच होता, हे आपले म्हणणे बरोबर आहे. लॅटिनमध्ये अशा एका अवजाराला ‘हिर्पेक्स’ म्हणत, आणि तो शब्द इटलीतल्या सॅम्नाइट लोकांच्या भाषेतल्या लांडग्याच्या नावावरून आला असे मानतात. लांडग्याचे दात त्यांना त्या लाकडी चौकटीत दिसले. अकराव्या शतकातल्या, फ्रान्समधल्या बायो येथील प्रसिद्ध भरतकामाच्या काठावर घोडा असा दातेरी हॅरो ओढताना दाखवला आहे, आणि चौदाव्या शतकातल्या लट्रेल साल्टर या इंग्लंडमधल्या सचित्र हस्तलिखितात हॅरोच्या मागे एक माणूस गोफण फिरवून पेरलेल्या बियांवर बसणारे कावळे हाकलतो आहे. त्या चित्रात हॅरोचे काम स्पष्ट आहे : पेरणी झाल्यावर ढेकळे फोडायची आणि बी मातीआड करायचे. आपल्याकडेही हे अवजार अनोळखी नव्हते. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथात एकवीस शल्यांचे, म्हणजे काट्यांचे, ‘विद्धक’ आणि नऊ हात लांबीची ‘मदिका’ अशी दोन निराळी अवजारे सांगितली आहेत, तर अमरकोशात ढेकळे फोडणाऱ्या साधनाला ‘कोटिश’ असा शब्द आहे. यावरून एवढे दिसते की नांगरानंतर माती बारीक करणे, सारखी करणे आणि तण मोडणे या कामांसाठी वेगवेगळ्या प्रदेशांनी वेगवेगळी अवजारे घडवली. शेतीची पुस्तके या साऱ्या कुळाला हॅरो म्हणतात आणि त्यात पात्याचा हॅरो, दात्यांचा हॅरो, गोल तव्यांचा हॅरो असे भेद करतात. म्हणून वखराला हॅरो म्हणणे चूक नाही. चूक माझी एवढीच झाली की वखराला पात्याचा हॅरो न म्हणता मी नुसते हॅरो म्हटले, आणि मग दात्यांच्या हॅरोची सगळी लक्षणे नकळत त्याच्या अंगाला चिकटवली.

माळव्यात पात्याचाच हॅरो का रुजला याचे कारण मातीत आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून तिला हात-हात खोल भेगा पडतात. त्या भेगांतून खालची ओल निघून जाते. वखराने वरचा दोन-तीन इंचांचा थर भुसभुशीत करून ठेवला की भेगांची तोंडे बुजतात आणि ओल खाली टिकते. सोयाबीन येण्यापूर्वी माळव्यातल्या कितीतरी शेतांत पावसाळ्यात पीकच नसे. उघडीप मिळाली की पाळी, म्हणजे वखराची एक फेरी, घालायची, पुन्हा तण आले की पुन्हा पाळी, आणि अशा रीतीने साठवलेल्या ओलीवर दसरा-दिवाळीच्या सुमारास गहू पेरायचा, अशी ती पद्धत होती. नांगर अशा जमिनीत दरवर्षी लागत नसे; दरवर्षी लागे तो वखर. पुढे पावसाळ्याची ती रिकामी जागा सोयाबीनने घेतली. १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच स्थापन झाले, ट्रॅक्टर आले, आणि पावसाळ्यातल्या उघडिपीची ती वखरणी माझ्या डोळ्यांदेखत संपली. मूळ लेख मी लिहिला तो याच हळहळीपोटी, हे आपल्याला सांगावेसे वाटते.

‘बखर’ या शब्दाबद्दल थोडक्यात लिहितो. मराठीतला ‘व’ हिंदीत आणि माळवीत ‘ब’ होतो, हे वड आणि बड, वन आणि बन, वाट आणि बाट या जोड्यांत आपण रोज पाहतो. वखर आणि बखर किंवा बक्खर ही तशीच जोडी आहे. आमच्या घरात आजोबा वखर म्हणत, गडी बक्खर म्हणे आणि आम्ही मुले दोन्हींच्या मधले काहीतरी बोलत असू. इतिहासाची बखर हा शब्द अगदी निराळा. तो अरबीतल्या ‘खबर’ या शब्दातली अक्षरे उलटसुलट होऊन आला असे सांगतात. होळकरांच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाच्या तोंडी शेजारच्या शेतकऱ्याचा शब्द आला, तर त्याला मी मोडतोड म्हणणार नाही. ज्यांच्या हातात रुमणे होते त्यांच्याकडून तो आम्ही घेतला.

आता माझे ते वाक्य. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात बापाचे भूत मुलाला सांगते की माझ्या कहाणीतला हलक्यातला हलका शब्दही तुझा आत्मा उकरून काढील, आणि तिथे जे क्रियापद आहे ते ‘हॅरो’ हेच आहे. ज्या भाषेच्या डोळ्यांसमोर दात्यांची चौकट आहे तिला यातना म्हणून हेच अवजार सुचावे, हे स्वाभाविक आहे. (त्याच भाषेत लुटणे, उजाड करणे या अर्थाचे एक जुने आणि मुळात वेगळे क्रियापदही याच रूपाला येऊन मिळाले, त्यामुळे हा अर्थ आणखी गडद झाला.) त्याच अवजारापासून तिकडे सौम्य शब्दही निघाले आहेत. हॅरोला फ्रेंचमध्ये ‘हेर्स’ म्हणतात, आणि पुन्हा एकदा हेर्स फिरवणे या क्रियापदावरून नाटकाच्या तालमीचा ‘रिहर्सल’ हा शब्द आला. इंदुरातल्या मराठी नाट्यमंडळींच्या तोंडी तो शब्द मी जन्मभर ऐकत आलो, पण त्याच्या पोटात हॅरो आहे हे मला फार उशिरा समजले. वखराच्या पाळीमागून पाळी पाहिलेल्या माणसाला तो अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

माझी चूक अशी की डोळ्यांसमोर पास असताना मी दातांची उपमा लिहिली. मनाला ओरबाडणारी आठवण वखरासारखी नसते. मराठीने उद्ध्वस्त करण्यासाठी गाढवाचा नांगर घेतला, सरसकट चिरडण्यासाठी वरवंटा घेतला, आणि वखराला या कामाला लावले नाही, हे आपण अचूक दाखवून दिलेत. तरीही वखराचा दुःखाशी संबंधच नाही, या आपल्या पुढच्या विधानाला माझी हरकत आहे. पेरणीनंतर पावसाने ताण दिला आणि उगवण करपली, की शेतकरी त्याच शेतात वखर घालून दुबार पेरणीची तयारी करतो. भाव पडले किंवा पीक रोगाने गेले, की उभ्या पिकात वखर घातल्याचे आपण ऐकतो, आणि अलीकडे त्या जागी रोटाव्हेटर ऐकू येतो. पेरणाराच आपल्या हाताने पेरलेले मोडत असतो आणि त्याच फेरीत पुढच्या पेरणीची जमीनही तयार होत असते. दात्यांच्या हॅरोखाली सापडलेल्या जिवाचे दुःख आणि वखरामागे चालणाऱ्या माणसाचे दुःख यांत हा फरक आहे, आणि माझ्या लेखात दुसरे यायला हवे होते.

ज्या वर्षाबद्दल मी ते वाक्य लिहिले होते, त्या वर्षी आमची जमीन विकली गेली. जमीन घराबाहेरच्या कोणी हिरावली नव्हती. निर्णय घरातल्यांचाच होता आणि कागदावर सही माझीही होती. त्यानंतर कित्येक महिने बाहेरून काहीच बदललेले दिसत नव्हते. सण झाले, पाहुणे आले, आणि मग एका दुपारी सगळे एकदम माना टाकून पडले. वखराची उपमा मला सुचली ती यामुळेच असावी, पण लिहिताना मी घाईने जवळचा, कुठेतरी वाचलेला अर्थ उचलला.

वखर काय करू शकत नाही, हेही आपण विचारले आहे. हरळीचे गवत त्याला दाद देत नाही; पासेने तिचे तुकडे झाले की ओलीला लागलेला पेराचा प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो, म्हणून ती वेचून बांधावर टाकावी लागते. कांस हे उंच गवत तर त्याहून चिवट, कारण त्याची मुळे पासेच्या पुष्कळ खाली असतात. मध्य भारतातल्या कांसाने पडीक पडलेल्या जमिनी स्वातंत्र्यानंतर ट्रॅक्टरने खोल नांगरून पुन्हा लागवडीखाली आणाव्या लागल्या.

मूळ लेखातले ते वाक्य मी आज काढून टाकले आहे. त्या जागी असे लिहिले आहे : ‘त्या वर्षी आमच्या घरावरून वखराची एक पाळी गेली, वरून सगळे उभे होते आणि खाली मुळे तुटली होती.’ या वाक्यात आपल्याला काही खटकले तर अवश्य कळवावे. आणि एक विनंती : कऱ्हाडकडे कुळवाच्या फासेला, म्हणजे आमच्याकडच्या पासेला, धार लावताना लोहार ती किती तिरपी ठेवीत असे, हे आपल्याला आठवत असेल तर लिहून पाठवावे; आमच्याकडचा तो लोहार आता नाही आणि घरातली पास गंजून गेली आहे.