प्रतिक्रियेला उत्तर: "माझ्या आईने कधी हूं की चूं केलं नाही"

नमस्कार.

बायकांच्या लघवीच्या त्रासांवर, म्हणजे शाळकरी वयापासून पाळी जाईपर्यंत आणि त्यानंतरही काय काय होतं यावर, मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर ऐरोलीच्या एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी इथे जशीच्या तशी उतरवते.

"अहो बाई, असले विषय चव्हाट्यावर आणायची गरज होती का? माझ्या आईची सहा बाळंतपणं घरी झाली, तिने कधी हूं की चूं केलं नाही. हे सगळे आजच्या रिकाम्या बायकांचे त्रास. शिवाय मूत्राशयात लिटरभर लघवी मावते हे साफ चूक. व्यायाम सगळ्यांना सरसकट सांगता, ज्यांचे स्नायू आधीच आखडलेले त्यांना त्याने अपाय होतो. जळजळ म्हणजे दर वेळी इन्फेक्शन नसतं. डॉक्टर नसाल तर डॉक्टरकी करू नका."

पस्तीस वर्षं मी शिकवलं. मुलं मला 'बाई' म्हणायची, आजही तलावपाळीला कोणी भेटलं की 'बाई, ओळखलंत का?' म्हणून वाकून नमस्कार करतात. 'बाई' या शब्दाचा मला अभिमान आहे. पण 'अहो बाई, गरज होती का' यातली 'बाई' वेगळी आहे आणि ती कुठून येते हे मला चांगलं कळतं. समोरच्याचं म्हणणं वाचायच्या आधीच त्याला गप्प बसवायचं, त्यासाठी ती असते. मुद्दे मांडा, जरूर मांडा. पण दारात पाऊल टाकतानाच हात उगारून आलात तर तुमच्या मुद्द्यांकडे कोण बघणार?

चूक ती चूक. मूत्राशयात लिटरभर मावतं हे मी ऐकीव लिहिलं होतं. साधारण 400 ते 500 मिलिलिटर मावतं, आणि दीडदोनशे झालं की लघवीची पहिली जाणीव होते. लेखात सकाळीच दुरुस्ती केली. त्याबद्दल आभार, मनापासून.

आता तुमच्या आईंबद्दल. त्यांच्याविषयी मला आदर आहे. सहा बाळंतपणं, तीही घरी, म्हणजे काय असतं ते मी माझ्या घरात पाहिलं आहे. माझ्या आईची पाच झाली, सगळी माणगावकडच्या गावात. पुढे आम्ही ठाण्याला कोपरीत आलो. चाळीत दोन खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. लग्न होईपर्यंत मी आईशेजारी झोपले. माझी आई खळखळून हसायची नाही. शिंक आली की दोन्ही पाय एकमेकांवर घट्ट दाबून उभी राहायची. लग्नकार्यात पंगतीला वाढायला पुढे व्हायची नाही, म्हणायची, मी आत पोळ्या लाटते. आम्ही भावंडं समजायचो, आईचा स्वभावच असा, बुजरा.

2009 साली, वयाच्या 71व्या वर्षी, न्हाणीघरात ती पडली म्हणून मला आत जावं लागलं. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर आलेलं आहे. जुन्या लुगड्याची घडी करून, वर लंगोटासारखं फडकं बांधून ती ते आत धरून ठेवत होती. "कधीपासून?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "धाकट्याच्या वेळेपासून." धाकटा भाऊ तेव्हा 42 वर्षांचा होता. बेचाळीस वर्षं! वडिलांना माहीत नव्हतं. मला, तिच्या मुलीला, तिच्या कुशीत झोपणारीला माहीत नव्हतं. मला कोणी विचारलं असतं तर मीही छाती ठोकून सांगितलं असतं की माझ्या आईने कधी हूं की चूं केलं नाही.

त्या पडण्यानंतर स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला आत रिंग बसवून दिली. शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत. ठरावीक दिवसांनी ती काढून, धुऊन पुन्हा बसवायची, एवढंच. महिन्याभरात माझी आई मासुंदा तलावाला पूर्ण फेरी मारायला लागली. आणि घरी येऊन रडली. मी विचारलं का रडतेस, तर म्हणाली, "इतकं सोपं होतं होय गं?" त्या एका वाक्यासाठी मी लिहायला लागले. चव्हाट्यावर आणायची गरज होती का, हे तुम्ही मला विचारता.

आणि ही माझ्या एकटीच्या घरातली गोष्ट नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये बायकांची तपासणी केली, तो अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 650 बायका तपासल्या. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या किती होत्या? शंभरात 8. त्या गावांतल्या घराघरांतल्या मुलांना विचारलं असतं तर त्यांनीही तुमचंच वाक्य म्हटलं असतं. न बोलण्याची दुसरी बाजू आपल्याच राज्यात 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या निमित्ताने सगळ्यांनी वाचली. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय, एवढ्यावरून ऐन तिशीत गर्भाशयाच्या पिशव्या काढलेल्या. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले, तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम त्या वयात एकदम अंगावर येतात. नीट विचारणारं आणि नीट सांगणारं कोणी असतं तर त्यातल्या किती वाचल्या असत्या?

बाळंतपणात नेमकं काय होतं तेही ऐका, कारण आईबद्दल बोलताना ते माहीत असलेलं बरं. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून पेलून धरणारा स्नायूंचा एक झोळणा असतो, पेल्विक फ्लोअर म्हणतात तो. बाळाचं डोकं बाहेर येताना तो ताणला जातो, कधी फाटतो, तिथल्या नसांनाही मार बसतो. तरुणपणी शरीर बरंच सावरून घेतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं होतं, तिथले राखण करणारे जिवाणू घटतात. तिशीत झाकलेलं पन्नाशीत उघडं पडतं ते असं. यात रिकामपण कुठे आलं?

'रिकाम्या बायका' हे शब्द मात्र मला सहन होत नाहीत, स्पष्टच सांगते. कळव्यातल्या ज्या शाळेत मी होते तिथे आम्हा चौदा जणींना मिळून एक संडास, तोही मुलांच्या वर्गासमोर. सकाळी घरातून चहा पिऊन निघायचं आणि दुपारी घरी येईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, सगळ्याच तसं करत होतो. 1996 साली, चौतिसाव्या वर्षी, वर्गात शिकवताना मला हुडहुडी भरली. कंबरेत मागून एका बाजूला असह्य कळ, ताप 103. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. पाच दिवस सलाईनवर होते. त्याआधी महिनाभर लघवीला जळजळ होत होती, तर 'उन्हाळी लागलीय' म्हणून मी धन्याजिऱ्याचं पाणी पीत होते. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषांचा साधारण वीस. जंतूंना वर चढायला वाट किती आखूड आहे बघा, आणि त्यात तास न् तास लघवी तुंबवून धरायची. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत सकाळी सातला लेडीज डब्यात उभ्या असणाऱ्या, रबाळे, घणसोलीला उतरून कंपनीत जाणाऱ्या मुलींना विचारा पाणी किती पितात. तुम्ही ऐरोलीत राहता. त्या रोज तुमच्या स्टेशनावरून जातात. त्या रिकाम्या आहेत? मुंबईत 2011 मध्ये बायकांसाठी सार्वजनिक मुताऱ्या मागणारी 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली ती कोणाला वेळ जात नव्हता म्हणून?

ते शब्द मागे घ्यावेत, ही विनंती. विनंतीच म्हणते अजून.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. पेल्विक फ्लोअरच्या व्यायामाबद्दल: डॉ. केगल यांनी 1948 मध्ये हे व्यायाम मांडले, त्यात स्नायू आवळण्याइतकंच सैल सोडण्यालाही महत्त्व आहे, आणि मी 'आवळा, मग पूर्ण सोडा' असंच लिहिलं होतं. ज्यांना लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, संबंधांच्या वेळी दुखतं, ओटीपोट कायम ताठ वाटतं, त्यांनी आधी फिजिओथेरपिस्टना दाखवावं, ही ओळ आता घातली आहे. जळजळीबद्दल: पाळी गेल्यानंतर नुसत्या कोरडेपणानेही जळजळ होते हे लेखात शेवटून तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत वाचलं असतं तर दिसलं असतं.

आणि डॉक्टरकी. लेखात मी एकाही गोळीचं नाव घेतलेलं नाही. थंडी वाजून ताप, लघवीतून रक्त, गरोदरपणात जळजळ, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, यात एक दिवसही घरी काढू नका, डॉक्टरांकडे जा, हे तीन ठिकाणी लिहिलं आहे. याला डॉक्टरकी म्हणायचं असेल तर म्हणा.

शेवटी एक विचारते. आई आता आहेत की नाहीत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असल्या तरी तुम्हाला सांगणार नाहीत. तुम्हाला थोरली बहीण असेल, तर तिला एकदा फोन करा आणि एवढंच विचारा, की घरातलं सगळं धुणं तू धुवायचीस तेव्हा आई तिची लुगडी वेगळी काढून, पहाटे उठून स्वतःच का धुवायची.