कारल्याचा रस आणि पबमेडची लिंक

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. कारल्याच्या रसाने मधुमेह बरा होतो, असं कुणीतरी विकिपीडियावर पबमेडच्या लिंकसकट लिहिलं आणि ते काढून टाकलं गेलं. मेसेज म्हणतो, लोकांच्या अनुभवाला तिथे किंमत नाही, सगळं औषध कंपन्यांच्या इशाऱ्यावर चालतं, आणि जिथे कुणीही लिहू शकतो तिथे संदर्भांचा एवढा आग्रह कशाला? हे वाचून एकानेही गोळ्या बंद केल्या तर फार वाईट होईल, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी लिंक. पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची वैद्यकीय शोधलेखांची सूची आहे. तिथे नोंद असली म्हणजे निष्कर्ष खरा ठरला असं नाही. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफील्ड यांचा १९९८ चा लेख अवघ्या १२ मुलांवरचा होता. तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. पबमेडवर तो आजही सापडतो, मागे घेतल्याच्या नोंदीसह. आता मेसेजमधली लिंक उघडा. प्रयोग उंदरांवर आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या आणि मग कारल्याचा अर्क पाजला. आपल्या घराघरांत वर्षानुवर्षं हळूहळू जडणारा टाइप २ मधुमेह असा होत नाही.

म्हणूनच इंग्रजी विकिपीडियाचा वैद्यकीय लेखांसाठीचा दंडक सुट्या प्रयोगांऐवजी अनेक चाचण्या एकत्र तपासणारे पद्धतशीर आढावे, तज्ज्ञ संस्थांच्या मार्गदर्शक सूचना आणि मान्य पाठ्यपुस्तकं मागतो, तीही शक्यतो अलीकडची. कारल्यावर कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा असा आढावा २०१२ मध्ये निघाला. ४ चाचण्या, मिळून ४७९ जण, कालावधी फार तर ३ महिने. निष्कर्ष काय, तर पुरेसा पुरावा नाही.

अनुभव खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. रस सुरू करणारा माणूस बहुधा त्याच आठवड्यात रोजची पोहे-जिलबी सोडतो, सकाळी फिरायला लागतो, आणि डॉक्टरांची गोळीही चालूच असते. साखर उतरली, पण कशाने? हे वेगळं काढायला तुलनेसाठी रस न घेणारा गट लागतो. शिवाय गोळीवर रसाची भर पडून साखर नको इतकी खाली जाण्याचा धोका असतो, तो मेसेजमध्ये कुठेच नाही.

कंपन्यांचं म्हणाल, तर त्यांची प्रसिद्धिपत्रकंही याच दंडकाखाली बाद होतात. कॉक्रेन औषध कंपन्यांकडून पैसे घेत नाही.

आयुर्वेदाचा द्वेष हाही आरोप आहेच. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात कारवेल्ल, म्हणजे कारलं, आहे. तसा संदर्भ देऊन कारल्याचा पारंपरिक वापर खुशाल लिहा. ‘वापरत आले आहेत’ याला ग्रंथाचा आधार पुरतो, ‘बरा होतो’ याला माणसांवरच्या चाचण्या लागतात.

राहिला शेवटचा प्रश्न. कुणीही लिहू शकतो म्हणूनच तर हा आग्रह! लिहिणारा डॉक्टर आहे की रस विकणारा, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तो फक्त संदर्भ उघडून पडताळू शकतो. २०१२ चा आढावा जुना वाटत असेल तर त्यानंतरचा शोधा आणि लेखाच्या चर्चापानावर नियतकालिक, वर्ष, पृष्ठ यांसह मांडा. मजकूर त्यावरून बदलता येतो.